सातवीतला गुंगोबा

केतकी शिंगटेनं आयुष्यात घेतलेला सगळ्यात रटाळ तास राज्यात पहिला आला, आणि सगळा घोळ तिथून सुरू झाला.

तास कसला तो. त्या दिवशी तिचा घसा पार बसला होता, नाक वाहत होतं, डोकं जड. सातवीला मातीचे प्रकार शिकवायचे होते. प्रयोग मांडायची ताकद नाही, प्रश्न विचारायला आवाज नाही. मग तिनं सरळ पुस्तक उघडलं आणि धडा पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचून काढला. रेताड माती, पोयटा माती, चिकण माती. मधे दोनदा शिंकली, तेवढीच काय ती करमणूक. आणि फळ्यावरचा दिवा? अख्खा तास हिरवागार. एकदासुद्धा पिवळा झाला नाही.

आता हा दिवा काय भानगड आहे, ते आधी सांगायला हवं. गेल्या काही वर्षांत शाळाशाळांत फळ्याच्या वर साबणाच्या वडीएवढी एक डबी बसली होती. सरकारी नाव अवधानमापक. पण वर्ग किती गुंग झालाय ते मोजते म्हणून कुणीतरी तिला गुंगोबा म्हणालं आणि तेच नाव राज्यभर चिकटलं. तिच्यात कॅमेरा बिमेरा काही नाही. ती हलक्या रेडिओलहरी सोडते. त्या मुलांच्या छातीवर आपटून परत येतात. श्वास घेताना छाती जराशी हलते, ठोका पडताना त्याहून कमी, केसभर. परत आलेल्या लहरींवरून डबीला ते केसभर हलणंसुद्धा कळतं. आणि माणसाचं असं आहे, की तो एखाद्या गोष्टीत खरोखर रमला की त्याचं अंग स्थिर होतं, श्वास उथळ होतो, हृदय किंचित मंदावतं. पन्नास माणसं एकाच गोष्टीत रमली, समजा रंगात आलेल्या कीर्तनात, तर त्यांचे ठोके हळूहळू एका चालीत यायला लागतात. गुंगोबा नेमकं हेच हुडकतो. अंगं स्थिर, ठोके मंद, चाल एक. सापडलं तर हिरवा, अर्धवट सापडलं तर पिवळा, नाहीच तर लाल.

ह्या सगळ्या दिव्यांची नोंद जायची 'धडेशोध' नावाच्या ठिकाणी, आणि केतकीचा त्याच्यावर फार जीव. तिकडे नुसतं सांगायचं, सातवी, आम्ल आणि आम्लारी, सामान स्वयंपाकघरात मिळेल तेवढंच, की धडेशोध राज्यभरातल्या शिक्षकांनी घेतलेले आणि स्वतः नोंदवलेले तास आणि प्रयोग समोर मांडायचा. ज्याला जास्त हिरवा, तो वर. फलटणची ही पोरगी पहिल्याच नोकरीत थेट विदर्भाच्या पूर्व टोकाला, झाडीपट्टीतल्या बोरटोल्याला येऊन पडली होती, विचारायला जवळ कुणी नाही. तिला तर धडेशोध म्हणजे हुशार मोठी बहीणच वाटायची.

पण दिव्याला दुसरी बाजू होती. जो वर्ग वारंवार पिवळा-लाल दिसेल, तो 'दूरवर्ग' व्हायचा. म्हणजे भिंतीवर मोठा पडदा, त्यावर कुठल्यातरी स्टुडिओतले एक सर, आणि ते एकाच वेळी साठ गावांना शिकवणार. गावातला शिक्षक अतिरिक्त. मग त्याला टाकतील तिथे जायचं. बोरटोल्याची आठवी अशीच पडद्याकडे गेली होती.

केतकीची सातवी पण त्याच वाटेवर होती. जून-जुलैत तिनं काय काय नाही केलं. हळदीचे कागद केले, त्यावर साबणाचं पाणी टाकून लाल केले, लिंबू टाकून परत पिवळे केले. मुलांनी घरून राख आणली, चुना आणला, एकानं आजोबांच्या दाढीचा साबण पळवून आणला. वर्गात नुसता बाजार भरला होता. दिवा पिवळा. फुगा लावून दोरीवरून रॉकेट सोडलं, मुलं बाकांवरून उड्या मारत त्याच्या मागे. दिवा पिवळा, वर दोनदा लाल. केतकीला काही उमगेना. पोळ्याच्या आदल्या दिवशी मुख्याध्यापक बिसेन सरांनी तिला व्हरांड्यात गाठलं आणि घसा खाकरत सांगितलं, की मॅडमजी, वरून विचारणा आली आहे, दिवाळीपर्यंत दिवा सुधारला नाही तर सातवीलाही पडदा लागेल, माझ्या हातात काही नाही. बोलताना त्यांची नजर सारखी पायातल्या चपलेकडे.

आणि पोळ्यानंतर चमत्कार झाला. दिवा हिरवा. ती धडेशोधवरून काहीही आणू दे, हिरवा. आपला हात बसला, असं केतकीला वाटलं. आईला फोनवर म्हणाली, मला मुलांची नाडी सापडली. आई म्हणाली, मग आता लग्नाचं बघू. ते राहू दे.

तर मातीच्या तासानंतर दोन दिवसांनी ऋताचा फोन. ऋता तिची बी.एड.ची मैत्रीण, नाशिककडच्या एका शाळेत. फोन उचलल्या उचलल्या तिनं विचारलं, "ती 'मातीचे प्रकार'वाली शिंगटे तूच ना गं?"

केतकी लाजून हो म्हणाली.

"मग मला सांग, त्यात आहे काय? धडेशोधनं तो सगळ्यांच्या माथी मारलाय. मी अगदी तसाच घेतला. एक पोरगा झोपला, दुसऱ्यानं त्याच्या कानात खडू घातला. मला लाल आला, केतकी. आमच्याकडे सगळ्यांनाच लाल येतोय."

केतकीनं आवाज, चढउतार असं काहीबाही सांगून वेळ मारून नेली. फोन ठेवल्यावर मात्र तिचं तिलाच ते पटेना. कारण चढउतार कुठला, त्या दिवशी तिला आवाजच नव्हता.

दुसऱ्या दिवशी ती वर्गात गेली ती डोळे उघडे ठेवून. मुद्दाम कंटाळवाणं काहीतरी काढलं, मोजमापाची एककं. फळ्यावर लिहायला वळली आणि मधेच, वाक्य अर्धं सोडून, गर्रकन मागे फिरली.

पहिल्या दोन रांगा पुतळ्यासारख्या. तोंडं घट्ट मिटलेली, गाल जरा फुगलेले, डोळे एकटक समोर. मधल्या बाकावर चंचल मारबते, वर्गाची मॉनिटर, बोटानं बाकावर हलकी टिचकी मारत होती. टिचकी पडली तशी पुढच्या रांगांनी हळूच श्वास सोडला आणि मागच्या दोन रांगा पुतळा झाल्या. वर दिवा हिरवा. कोपऱ्यातला प्रज्योत मात्र लालबुंद होऊन थरथरत होता. केतकीला वाटलं पोराला फिट आली. ती धावली, आणि ती समोर येताच प्रज्योतचा बांध फुटला. फुस्स करून हवा सुटली, वर्ग खदाखदा हसला, दिवा टपकन पिवळा झाला.

केतकीनं पुस्तक मिटलं आणि काय चाललंय ते विचारलं. सगळ्यांच्या नजरा चंचलकडे. शेवटी ती उठली.

"दम धरून रायलो होतो, मॅडम," ती म्हणाली. "तुमच्यासाठी."

आणि मग जे बाहेर आलं ते ऐकून केतकी टेबलावरच बसली. बोरटोल्यातली निम्मी घरं ढिवरांची. मासेमारी पिढीजात, गावाला लागून मोठा तलाव, पोरं चालायला शिकतात त्याच्या आसपासच पोहायलाही. त्यांचा आवडता खेळ म्हणजे दम. पाण्यात बुडी मारायची आणि कोण शेवटी वर येतो ते बघायचं. एकदा समाजशास्त्राच्या तासाला कंटाळा आला म्हणून त्यांनी बाकांवर बसल्या बसल्या दम लावला, आणि गुंगोबा हिरवा झाला. झालं, पोरांच्या डोक्यात किडा वळवळला. दम धरला की हृदय आपोआप हळू चालायला लागतं, पाण्यात जास्त, पाण्याबाहेर थोडं. गुंगोबाला थोडंही पुरतं. पण हे पोरांना कुणी सांगितलं नव्हतं, त्यांनी ते करून बघितलं. एकट्यानं धरून काही होत नाही. एक रांग धरली तर पिवळा. दोन रांगा एकदम धरल्या तर हिरवा, पण एकदमच धरायला हव्यात, म्हणून टिचकी. पंखा चालू असला आणि भिंतीवरचे नकाशे हलले की गडबड होते, म्हणून विज्ञानाच्या तासाला पंखा बंद. केतकीला तर वाटायचं, मुलांना थंडी वाजते.

आणि हे सगळं का, तर बिसेन सर व्हरांड्यात बोलले तेव्हा चंचल खिडकीच्या आत वर्ग झाडत होती.

"तुमी गेल्या असत्या ना, मॅडम," चंचल खाली बघत म्हणाली. "आठवीच्या पडद्यावाल्या सरले पोरायचे नावंबी माहीत नाही. हात वर केला तरी त्याले दिसत नाही."

केतकीला भरून आलं, आणि त्याच वेळी मनाला एक काटाही टोचला. म्हणजे माझ्या तासात कधीच कुणी गुंगलं नव्हतं तर, असं तिच्या तोंडून निघून गेलं. तशी चार-पाच जणं एकदम बोलायला लागली. प्रज्योत सगळ्यांच्या वर.

"हळदीचा मस्त होता ना, मॅडम. दिवाळीत पडदा लागणार हे आमाले तवाच माहीत असतं, तरी त्या दिवशी दम धराचाच विसरलो असतो आमी."

ते वाक्य केतकी घरी घेऊन गेली. चहा केला, तो गार झाला. हळदीच्या दिवशी वर्ग पेटला होता आणि गुंगोबाला ते दिसलं नव्हतं. मातीच्या दिवशी वर्ग पुतळा होता आणि गुंगोबा खूश. म्हणजे चूक पोरांच्या दमात नव्हतीच नुसती. पण हे सांगायचं कुणाला? सांगितलं की पोळ्यापासूनचे हिरवे दिवे पुसले जाणार. उरणार जून-जुलैचे पिवळे आणि लाल. म्हणजे पडदा.

बिसेन सरांना तिनं सांगितलं. त्यांनी खुर्ची जवळ ओढली, दार लोटलं आणि शांतपणे म्हणाले, की मॅडमजी, दिवा हिरवा आहे ना, मग त्याला हिरवा राहू द्या, काहून उगाच विस्तवात हात घालता. त्यांनाही एक वर्ग गमावल्याचं दुःख होतंच. केतकीनं मान डोलावली. तिलाही तेच हवं होतं, खोटं कशाला बोला.

पण दुसऱ्याच दिवशी दोन निरोप एकदम येऊन धडकले. एक वरून. हा सगळा गुंगोबाचा कार्यक्रम ज्यांनी उभा केला त्या लांजेवार मॅडम गुरुवारी स्वतः येणार, 'मातीचे प्रकार' पुन्हा घ्यायला लावून त्याचं चित्रीकरण करणार, आणि तो राज्यातल्या प्रत्येक सातवीला आदर्श पाठ म्हणून जाणार. दुसरा ऋताचा. तिला तिसऱ्यांदा लाल आला होता. तिच्या शाळेला पडद्याचं पत्र यायच्या बेतात होतं. ऋता चिडली नव्हती, हेच वाईट. ती म्हणाली, बहुतेक मलाच शिकवता येत नाही गं.

केतकी तो निरोप पुन्हा पुन्हा ऐकत राहिली. ऋताला शिकवता येत नाही? बी.एड.ला जिच्या तासाला बाकीच्या वर्गातली मुलं खिडकीत येऊन उभी राहायची, त्या ऋताला?

गुरुवारी सकाळी प्रार्थना झाल्यावर तिनं सातवीला सांगितलं, की आज कुणी दम धरायचा नाही. आज आपण खरं सांगणार. पोरांचे चेहरे पडले. प्रज्योतनं हळूच विचारलं, थोडासा धरला तर चालंल का. नाही, केतकी म्हणाली, थोडासाही नाही.

लांजेवार मॅडम आल्या. सुती साडी, पांढरे बूट, मोजकं बोलणं. सोबत कॅमेरा. बिसेन सरांनी हार घातला, नारळ दिला. मॅडम मागच्या बाकावर बसल्या आणि म्हणाल्या, करा सुरू, मातीचे प्रकार.

केतकीनं हातातलं पुस्तक मिटून टेबलावर ठेवलं.

"मॅडम, आज माती नाही," ती म्हणाली. "आज गुंगोबा शिकवते. म्हणजे मी नाही, मुलं शिकवतील."

बिसेन सरांनी दारातच डोळे मिटून घेतले.

चंचल उठली. आधी तिचा आवाज निघेना, मग निघाला आणि थांबेना. तिनं एक रांग धरायला लावली, पिवळा. दोन धरायला लावल्या, हिरवा. सोडा म्हणाली, हिरवा गेला. परत धरा, परत हिरवा. एखादा नळ उघडबंद करावा तसं. लांजेवार मॅडम कधी उठून पुढे आल्या, कुणाच्या लक्षातच आलं नाही. त्यांनी पंखा लावून बघितला, नकाशे काढून बघितले. मग बाकावर पोरांच्या मधे बसून स्वतः दम धरला. पोरं जोरजोरात मोजायला लागली. मॅडम लवकरच धापा टाकायला लागल्या, तर शेजारची पोरगी त्यांना समजावते कशी, की पोटातून धरा जी, छातीतून नको.

मग कुणीतरी विचारलं, उभं राहून धरला तर? झोपून धरला तर? सहावीची पोरं आणून बसवली तर? एकानं बाक सरकवला, दुसऱ्यानं खडूनं फरशीवर अंतरं आखली. तिघं टेबलावर चढली. एक भांडण लागलं, कारण प्रज्योत म्हणत होता अंतरानं फरक पडतो आणि मागची रांग म्हणत होती पडत नाही, आणि दोघांनाही आपलंच सिद्ध करायचं होतं. घंटा झाली तरी कुणी हललं नाही. केतकी ह्या बाकावरून त्या बाकावर पळत होती, घाम पुसत होती, आणि विसरूनच गेली की आज आपलं काय पणाला लागलंय.

तिला आठवण झाली ती लांजेवार मॅडमकडे बघून. त्या वर्गाच्या मधोमध उभ्या होत्या आणि वर बघत होत्या. दिवा लाल होता. भडक लाल. त्यांनी दिव्याकडे बघितलं, टेबलावर चढलेल्या पोरांकडे बघितलं, परत दिव्याकडे.

"बसून बघणारी मुलं," त्या हळूच म्हणाल्या. "आम्ही ह्याला शिकवलं तेव्हा शहरातली मुलं खुर्च्यांवर बसवून त्यांना फिल्म दाखवली होती. ती रमली की गप्प व्हायची. हात लावायला आम्ही त्यांना काही दिलंच नव्हतं."

केतकीनं मग एका दमात सगळं सांगून टाकलं. हळदीचे कागद, रॉकेट, पिवळे दिवे, ऋता. आणि शेवटी हेही, की पोळ्यापासूनचे माझे हिरवे खोटे आहेत, ते पुसा. ते म्हणताना तिनं मुलांकडे बघितलं नाही.

मॅडम बाहेर गेल्या आणि मैदानात फेऱ्या मारत फोनवर बोलत राहिल्या. एक फोन, दुसरा, मग बराच वेळ तिसरा. खिडकीला नाकं लागलेली. बिसेन सर केतकीच्या शेजारी येऊन उभे राहिले आणि म्हणाले, की माझा पुतण्या ट्रॅक्टरवाला आहे, सामान हलवायचं झालं तर सांगा. धीर द्यायची त्यांची ती पद्धत होती.

मॅडम परत आल्या, दारातच थांबल्या.

"शिंगटे, तुमचे हिरवे मी पुसले," त्या म्हणाल्या. "पिवळे आणि लालही पुसले. सगळ्यांचेच पुसले. हे यंत्र दुरुस्त होईपर्यंत कुठलाही वर्ग दिवा बघून पडद्यावर जाणार नाही. जे पडद्यावर गेलेत त्यांचीही फेरतपासणी होईल."

कुणालाच लगेच कळलं नाही. आधी चंचलला कळलं. तिनं मागे वळून फक्त मान डोलावली, आणि सातवीनं छप्पर डोक्यावर घेतलं. केतकी खाली बसली ती फरशीवरच. इतके दिवस खांद्यावर कुणीतरी बसलं होतं आणि ते उतरून चालू लागलं, असं तिला वाटलं. बिसेन सर डोळे पुसत होते आणि पंख्यानं धूळ उडाल्याचं कारण सांगत होते. तिनं लगेच ऋताला फोन लावला, आणि बोलायच्या आधी दोघी नुसत्याच हसत सुटल्या.

लांजेवार मॅडम मात्र निघेनात. त्यांनी साडीचा पदर खोचला, मुलांना विचारलं, की अजून कशाकशानं हा फसेल ते मला सांगा, मला सगळं बघायचंय. सूचनांचा पाऊस पडला. पण प्रज्योत सगळ्यांत पुढे. तो पळत गेला आणि शाळेच्या कुंपणाला चरणारी एक शेळी दोरीसकट वर्गात घेऊन आला. वर्ग रिकामा केला. शेळी मधोमध उभी राहिली, शांतपणे रवंथ करत, कुठेतरी दूर बघत. सगळे दाराखिडक्यांतून बघताहेत.

गुंगोबा जरा घुटमळला आणि हिरवा झाला.

लांजेवार मॅडमनी कपाळाला हात लावला आणि इतक्या हसल्या की त्यांना चष्मा काढावा लागला. बिसेन सर गंभीरपणे म्हणाले, "हिचं नाव पटावर चढवू का, मॅडमजी?"

हसण्याचा कल्लोळ ओसरला तेव्हा चंचल अजून शेळीकडेच बघत होती. तिच्या कपाळावर आठी.

"पण मॅडम," ती केतकीला म्हणाली, "ती खरंच कशात गुंगली असंल तर? आपल्याले कसं कळणार?"

केतकीला खरंच माहीत नव्हतं. लांजेवार मॅडमनाही नव्हतं. केतकी उंबऱ्यावर बसली, चंचलला शेजारी जागा करून दिली आणि म्हणाली, "बोल. कुठून सुरुवात करायची?"